दोन मिलिमीटर

सेंत-एत्येनमध्ये, बंद पडलेल्या खाणीच्या मागे
माझी पत्र्याची शेड. छताला बावीस सायकली टांगलेल्या.
घरी सांगितलेला आकडा एकोणीस.

फेलिसियें ग्रांजों आले ते हिला ढकलत,
न विकली गेलेली गाय बाजारातून परत आणावी तसे.
"खोल, धू, जोड," म्हणाले.
"ऑक्टोबरात मला ब्याऐंशी लागेल. त्याआधी
घाट ओलांडून बूर-आर्जांतालला भावाकडे जायचंय.
मोटारीत बसलो की मला मळमळतं."

रंग खरवडला.
वर खिडकीच्या झडपांचा हिरवा, घरचाच डबा, घरचाच ब्रश.
त्याखाली चंदेरी. त्याखाली, सांध्यांच्या खाचांत लपून,
काळ्या मनुकेचा लाल.
कारखान्याचा बिल्ला गेलेला, रिव्हेटची दोन भोकं शिल्लक,
पण पितळेचा डाख असा बारीक, असा वळत गेलेला
की करणारा डावखुरा असणार,
आणि त्या दिवशी त्याला घरी जायची घाई नसणार.
मडगार्डच्या पोटात वाळलेला चिखल,
चिखलात चेस्टनटचं अर्धं पान.
ते मी ठेवलं. का, विचारू नका.

हिवाळा गेला. डायनमोची तार पुन्हा गुंडाळली.
छर्रे रॉकेलमध्ये धुतले, कॉफीच्या बशीत मोजले, एक कमी.
पायडलची टोपी सापडली एका खेड्याच्या बाजारात,
बिजागऱ्यांनी भरलेल्या बादलीच्या तळाशी.
चाकांचा आऊट काढला, आरे एका सुरात आणले.
कातडी सीट उजव्या अंगाला बसली होती;
तेल चोळत, दाबत, दोन्ही बाजू सारख्या केल्या.

मग दोरा बांधला, पुढून मागे.
चिमटा डावीकडे. दोन मिलिमीटर.

पोलाद जुनी सवय सोडत नाही,
हवं त्याहून जरा जास्त वाकवावं लागतं,
मग ते रुसून थोडं मागे येतं
आणि बरोबर जागेवर थांबतं.
त्या रात्री मी शिट्टी वाजवत घरी गेलो.

एप्रिलात ग्रांजों सीटवर बसले, तीन पायडल मारले,
आणि थेट उजवीकडे, पेरारबाईंच्या कोबीत.
उठले. परत बसले. परत कोबीत.
तिसऱ्यांदा बसलेच नाहीत.
हँडलवर हात ठेवून हळूच म्हणाले,
"सुंदर आहे. कोणाची?"

मग कळलं ते अडुसष्ट साल, तो उतार, ते कुंपण.
गावच्या लोहाराने चिमटा गुडघ्यावर घेऊन सरळ केला होता.
म्हणजे त्याच्या गुडघ्याइतका सरळ.
"तेव्हापासून ती डावीकडे ओढते
आणि मी उजवीकडे. मधून रस्ता जातो."

उजवा खांदा उतरलेला. उजव्या बुटाची टाच झिजलेली.
आणि ती सीट!
सगळं समोर लिहिलेलं, आणि मी ते
चुका म्हणून खोडत बसलो होतो.

सरळ करायला दोरा होता.
वाकडं करायला काय धरायचं?
शेवटी त्यांनाच स्टुलावर बसवलं,
दोन्ही खांद्यांवरून दोन ओळंबे सोडले.
ते हलले नाहीत, फक्त म्हणाले,
"शवपेटीचं माप असंच घेतात का?"
मी म्हटलं, "नाही. त्यात वाकडेपणा धरत नाहीत."

थोडं वाकवायचं, मोजायचं, थोडं.
चिमट्याच्या माथ्याशी नवा लाल रंग तडकला,
केसाएवढा. तसाच राहू दिला.

सोपवायच्या आधी म्हटलं, एक फेरी आपणही मारावी.
आठ हातसुद्धा गेलो नसेन.
डावीकडे. कांद्याच्या पातीत.

पेरारबाईंची खिडकी उघडली :
"आता कोण?"

ग्रांजों लगबगीने आले,
वाकले,
आणि त्यांनी आधी सायकल उचलली.